फॅमिली प्लॅन: घरात फ्रेंच आणल्यानंतरचा अनुभव

आधी व्यवहाराचं. भाषा शिकवणाऱ्या एका ॲपचा फॅमिली प्लॅन आम्ही गेल्या वर्षी घेतला, त्याची मुदत आता संपत आलीय. एका वर्गणीत सहा जणांची सोय. आम्ही चौघं बसलो: मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. आई पंच्याहत्तरीच्या, संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका, माहेर रत्नागिरीकडचं. फ्रेंच निवडायचं कारण साधं होतं. नवऱ्याला कंपनीने फ्रान्समधल्या ल्यों शहरात पाठवलं आणि आम्हीही तिकडे राहून येणार होतो. फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांतले जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्यात बसेल एवढा मुक्काम करायचा बेत होता. लेक दिवाळीच्या सुट्टीपुरती येणार होती. नुसत्या ॲपवर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी कोथरूडमध्ये शनिवार-रविवारचा एक वर्गही लावला. त्यामुळे हा अनुभव ॲपचा, वर्गाचा आणि ल्योंचा असा मिसळून आहे. ॲपचं आणि वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही.

ॲप शिकवतं किती यावर वाद घालता येईल, पण रोज बसवतं हे मान्य करावं लागेल. सलग दिवसांचा आकडा मोडू नये म्हणून माणूस काय काय करतो ते मी घरातच पाहिलं. गणपतीत रात्रीची आरती झाली, मंत्रपुष्पांजली सुरू झाली, आणि आई कोपऱ्यात फोन कानाशी धरून फ्रेंच मांजर काय खातंय ते ऐकतायत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "देव समजून घेतो गं, हे ॲप नाही घेत." आठवड्याच्या स्पर्धेत त्यांचा एक ब्राझीलचा प्रतिस्पर्धी होता. तो रात्री उशिरा यायचा आणि भराभर गुण मारून पुढे जायचा. साडेनऊला झोपणारी बाई त्याच्यासाठी अकरा-अकरापर्यंत जागायला लागली. डॉक्टरांनी रक्तदाब का वाढला विचारलं तेव्हा आईंनी खरं कारण सांगितलं, डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

तक्रार आहे ती शिकवण्याच्या माध्यमाची. मराठीतून फ्रेंच शिकवणारा अभ्यासक्रम या ॲपवर नाही, इंग्रजीतूनच जावं लागतं. म्हणजे फ्रेंच वाक्य अगदी बरोबर कळलं, पण इंग्रजीत लिहिताना एखादा 'द' राहिला की उत्तर लाल. आईंना फ्रेंचपेक्षा इंग्रजीच्या 'द'ने जास्त छळलं. दुसरी तक्रार त्यांचीच आणि मला ती पटते: व्याकरण थेंबाथेंबाने देतात. आज 'मी आहे', चार दिवसांनी 'तो आहे', मग मध्येच रंगांची नावं. "अख्खा धातू एकदाचा देऊन का टाकत नाहीत?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात शंभर पानी वही काढली, लेकीच्या जुन्या पाठ्यपुस्तकावरून तक्ते उतरवले आणि सकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालत धातू चालवायला लागल्या. ज स्वी, त्यू ए, इल ए. नू सॉम, व्हूझेत, इल साँ. चाल तीच, जिच्यात त्यांनी पिढ्यान्पिढ्या मुलांकडून 'देवः देवौ देवाः' घोटून घेतलं. "द्विवचन नाही म्हणजे सोपीच आहे की," हा त्यांचा पहिला अभिप्राय. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, हे नवीन स्तोत्र कुठलं?" फ्रेंच आहे कळल्यावर त्यांनी पुण्यातल्या रिवाजाप्रमाणे सांगितलं की जर्मन घ्यायला हवं होतं.

लिंगावरून मात्र घरात तंटा झाला. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. मराठीत तीन लिंगं वापरून मोठ्या झालेल्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं. ते पुस्तक, ते टेबल, ते घर या सगळ्या बिचाऱ्यांना कुठल्या तरी एका बाजूला ढकलायचं. पुस्तक पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी, घर स्त्रीलिंगी. खुर्ची आणि गाडी नशिबाने आपल्यासारख्याच बायका निघाल्या. आई हे सगळं सोसत होत्या, पण चंद्र स्त्रीलिंगी आहे हे कळल्यावर त्यांनी वही मिटली. "चांदोबाला बाई केलंय यांनी," एवढंच बोलून स्वयंपाकघरात गेल्या. दुपारी परत आल्या आणि मुकाट्याने 'ला ल्यून' लिहिलं.

शुद्धलेखनात त्या आमच्या सगळ्यांच्या पुढे निघाल्या, आणि त्याचं कारण मला कुठल्याच ॲपने किंवा वर्गातल्या बाईंनी सांगितलं नसतं. फ्रेंचमध्ये लिहितात पुष्कळ आणि म्हणतात थोडं. 'ते बोलतात' म्हणताना क्रियापदाच्या शेवटची तीन अक्षरं कागदावर असतात, तोंडात नसतात. वर्गातली सगळी मुलं यावरून कुरकुरत होती. आईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या शाळेत अक्षरं गिरवत होत्या तेव्हा 'नांव', 'कांहीं', 'केव्हां' असंच लिहायचे. ते अनुस्वार उच्चारायचे नसतात पण द्यायचे असतात, नाहीतर गुण कापले जातात. 1962 साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि ते गेले. "आम्ही न बोलायची टिंबं पाठ केलेली माणसं आहोत," त्या म्हणाल्या, "मला कसली भीती दाखवता?" फ्रेंचांनीही 1990 साली लेखन जरा सोपं करून पाहिलं, जुनं लिहिणारे अजून जुनंच लिहितात, आणि दोन्ही चालतं. अनुनासिक स्वरांचं तर विचारूच नका. वर्गात बाई 'आँ' आणि 'ओं' यांतला फरक समजावताना घामाघूम व्हायच्या, आई रत्नागिरीकडच्या, त्यांना नाकातून बोलायला शिकवायची गरजच नव्हती.

आता वर्ग. पुण्यात फ्रेंचला पर्याय भरपूर आहेत. सेनापती बापट रस्त्याजवळ पत्रकारनगरला आलियाँस फ्रान्सेझ आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहे, आणि गल्लोगल्ली खाजगी वर्ग आहेत. मी घराजवळचा म्हणून खाजगी घेतला. वर्गात मोठा गट होता कॅनडावाल्यांचा. तिथल्या कायम वास्तव्याच्या (पीआरच्या) अर्जात फ्रेंचला वेगळे गुण मिळतात आणि 2023पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी निवडीच्या स्वतंत्र फेऱ्याही काढतात. त्यामुळे हिंजवडीतून थेट लॅपटॉपच्या बॅगेसकट आलेली जोडपी पुढच्या बाकावर बसून एकमेकांची क्रियापदं तपासायची. मागे अकरावी-बारावीची मुलं, ज्यांना 'स्कोअरिंग' विषय हवा होता. मधे मी. बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला कारण विचारलं. मी "नवरा ल्योंला आहे" म्हटल्यावर पुढच्या बाकावरून "अरे वा, पीआर?" असा प्रश्न आला, आणि "नाही, भाजी आणायला" या उत्तरावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

वर्गाने सांगाडा उत्तम दिला. ॲपवर भूतकाळ कुठून तरी गळत होता, वर्गात दोन रविवारांत जागच्या जागी बसला. परीक्षेचा उपयोगही झाला, कारण तारीख समोर असली की माझ्यासारखी माणसं हलतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची प्रमाणपत्रं सोप्याकडून अवघडाकडे ए1, ए2, बी1, बी2 अशी असतात, त्यापुढे डाल्फ. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. पास व्हायला एकूण 50 लागतात आणि कुठल्याही भागात 5च्या खाली जाऊन चालत नाही. एकदा मिळालेलं डेल्फ जन्मभर चालतं. कॅनडावाले ज्या टीसीएफ आणि टीईएफ परीक्षा देतात त्यांचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो. मी परत आल्यावर ए2 दिली, वेस ओलांडली, सगळ्यांत कमी गुण ऐकण्यात.

आणि हाच माझा दोन्हींवरचा मुख्य आक्षेप आहे. ॲप काय, वर्ग काय, दोघांनीही आम्हाला जी भाषा ऐकवली ती ल्योंमध्ये कोणी बोलत नाही. वर्गातल्या ध्वनिफितीत एक गृहस्थ 'मला माहीत नाही' हे 'ज न से पा' असं चार स्वच्छ तुकड्यांत म्हणायचे. ल्योंच्या बसमध्ये ते 'शे पा' होतं. 'ज स्वी'चं 'श्वी'. नकारातला 'न' बोलताना बहुतेक वेळा गळतोच. लिहिताना मात्र असलाच पाहिजे. मराठीतही 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' होतं, तेव्हा यात त्यांचा गुन्हा नाही. पण महिनोन्महिने पैसे घेऊन शिकवणाऱ्याने एकदा तरी सांगावं. ॲपवर वाक्य सावकाश ऐकायचं बटण असतं. मी ते इतकं वापरलं की ल्योंच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या माणसाच्या कपाळावर ते शोधत होते.

आकड्यांचं प्रकरण स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सरळ शब्द आहेत, फ्रान्समध्ये ते टिकले नाहीत. यावर लेक हसली तेव्हा आईंनी तिला शांतपणे विचारलं, "एकोणऐंशी म्हणजे किती?" इंग्रजी माध्यमाची पोरगी, एटी-नाईन म्हणाली. हसणं थांबलं. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. आई त्यात आघाडीवर होत्या, वर्तमानपत्राला पत्रसुद्धा लिहिलं होतं. त्यामुळे फ्रेंच लोकांनी चार-वीस-दहा सोडलं नाही याचं त्यांना कौतुकच.

ते कौतुक क्र्वा-रूसच्या बाजारात पोचेपर्यंत टिकलं. क्र्वा-रूस ही ल्योंमधली टेकडी. दातेरी रुळांची मेट्रो वर चढते आणि वरच्या मोठ्या रस्त्यावर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. ऑक्टोबर होता, सगळीकडे भोपळे. एक लहानसा नारिंगी भोपळा, तिकडे त्याला पोतीमारों म्हणतात, आईंच्या मनात भरला. त्यांनी आधी "बोंजूर, मस्य" म्हटलं. (हे महत्त्वाचं आहे. दुकानात शिरताना किंवा काही विचारण्याआधी बोंजूर म्हटलं नाही तर पुढचं फ्रेंच कितीही चांगलं असो, समोरचा गारठतो.) मग भाव विचारला. तो म्हणाला, "दो कात्र-व्हें-दीस." किलोला दोन युरो नव्वद. आईंना प्रत्येक शब्द कळला आणि तिथेच घोटाळा झाला. दोन, चार, वीस, दहा. बोटांवर बेरीज करून माझ्याकडे वळल्या, "छत्तीस! अगं, साडेतीन हजार रुपयांचा भोपळा?" मी काही बोलायच्या आत "नाँ, मेर्सी" म्हणून चालायला लागल्या. बाजार उठायची वेळ झाली होती. मागून हाक आली, "मादाम! दो सँकांत!" अडीच. आई थांबल्या, वळल्या, भोपळा हातात घेऊन वाजवून पाहिला आणि पिशवीत टाकला. घरी येईपर्यंत मी त्यांना खरा हिशेब सांगितला नाही. फ्रान्समध्ये घासाघीस चालत नाही असं सगळे सांगतात. मंडईत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला बेरीज चुकली तरी चालते.

ऐकण्याचा प्रश्न शेवटी आईंचाच सुटला, तोही एका कुत्र्यामुळे. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याच वयाच्या एक मादाम राहायच्या, त्यांचं म्हातारं कुत्रं रोज लिफ्टमध्ये भेटायचं. वर्गात शिकवतात त्याप्रमाणे अनोळखी माणसाला 'व्हू' म्हणायचं, 'त्यू' नाही. तू-तुम्ही सांभाळत आयुष्य गेलेल्या आईंना यात शिकण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी अनोळखी म्हणून कुत्र्यालाही "बोंजूर, कोमाँताले-व्हू?" (कसे आहात आपण?) म्हटलं. मादाम लिफ्टची दोन मजल्यांची वाट हसत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून खालच्या बाकावर दोघींची बैठक. मादाम सावकाश बोलायच्या, कारण त्यांना दम लागायचा. आई उत्तर जुळवेपर्यंत त्या कुत्र्याचे कान चोळत बसायच्या. गुडघे, सुना, डॉक्टरची वेळ मिळत नाही, पाव पूर्वीसारखा राहिला नाही. पावाच्या विषयावर मादाम जोरात यायच्या. 1993 साली सरकारने आदेश काढून 'त्रादिस्याँ' (पारंपरिक) म्हणवणाऱ्या 'बागेत' या लांब पावामध्ये बाहेरची द्रव्यं घालायला बंदी केली, तरी त्यांच्या मते लोक फसतातच. आई हे सगळं रात्री मला साग्रसंगीत सांगायच्या. त्यातलं किती मादामनी सांगितलं होतं आणि किती सदाशिव पेठेतून आलं होतं, ते मी विचारलं नाही. दुपारी बरीच दुकानं बंद असतात हे त्यांना तिथे सगळ्यांत आपलंसं वाटलं.

लेकीविषयी मी जरा अन्यायाने बोलत होते. अकरावी-बारावीला तिने फ्रेंच घेतलं ते निव्वळ टक्क्यांसाठी, आणि नव्वदच्या वर मिळवून ते विसरायच्या तयारीत होती. प्लॅनमधली तिची जागा जवळपास रिकामीच राहिली. ल्योंला आल्यावर बेकरीत तिने इंग्रजी सुरू केलं तेव्हा मी आईंकडे पाहिलं आणि आईंनी छताकडे. पण ऑक्टोबर सरत आला तरी आमच्या घरातले खोल्या गरम करणारे रेडिएटर गारच होते. घर सांभाळणाऱ्या एजन्सीला नवऱ्याने फोन केले, तिकडून दर वेळी "काम चालू आहे" एवढंच. लेक स्वेटरवर स्वेटर घालून बसली होती. वैतागून म्हणाली, "पत्र लिहू का? ते येतं मला." बोर्डाच्या पेपरात पत्रलेखन असतं. तिने उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख घातली, विषय घातला, दोन परिच्छेदांत रेडिएटरची कहाणी घातली, आणि शेवटी तो लांबलचक नमस्कार: महोदया, महोदय, माझ्या विशेष आदरभावाचा स्वीकार व्हावा, वगैरे. आईंनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आपलं कृ. सा. न. वि. वि. आहे." पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवलं, म्हणजे आपलं रजिस्टर्ड एडी. त्याच आठवड्यात माणूस आला. महिनाभर फोनवर जे झालं नाही ते मार्कांसाठी पाठ केलेल्या पत्राने झालं. तो देश कागदावर चालतो. स्कोअरिंग म्हणून जे शिकवतात ते तिथे खणखणीत वाजतं, फक्त तोंडाने नाही, टपालाने.

नवऱ्याचं एका परिच्छेदात आटपते. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. ॲपवर तो प्रवासात बसायचा आणि रंग, फळं, प्राणी यांच्यापुढे गेला नाही. मात्र ऑफिसातल्या पोरांकडून 'द्यू कू' उचललं. तिकडची तरुण माणसं दर दुसऱ्या वाक्याला ते लावतात, आपल्या 'म्हणजे'सारखं. आता फोनवर "द्यू कू, शनिवारी बोलू" असं ऐकू येतं. आईंनी त्याला कुठला धातू चालवायला सांगितला की नेटवर्क जातं.

ज्यांना पुण्यात बसून कान तयार करायचेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी, दोन्ही फुकट. आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली रोजची दहा मिनिटांची बातमीपत्रं, आणि टीव्ही5मोंदचा शिकणाऱ्यांसाठीचा विभाग, जिथे ए1 ते बी2 अशा पायऱ्यांवर खऱ्या बातम्यांच्या चित्रफिती आणि त्यांवरचे प्रश्न असतात. मला हे परत आल्यावर सापडलं. ॲपसाठी जितका वेळ देता त्यातला निम्मा इकडे वळवा असं मी म्हणेन. वर्गात पैसे घालणार असाल तर आधी एक तास बसू द्या म्हणावं आणि बाई मुलांना किती बोलू देतात ते बघावं. फळ्यावर सुंदर तक्ते काढणाऱ्या बाई आमच्याकडे घरातच होत्या.

प्लॅनचं नूतनीकरण करतोय. मी आठवड्यातून तीनेकदा बसते, आईंचा सलग दिवसांचा आकडा अखंड आहे, आणि मादामशी त्यांचं पंधरवड्याला व्हिडिओवर बोलणं होतं, ज्यात मुख्यतः कुत्रं दिसतं. लेक म्हणते तिची जागा असू दे, पुन्हा कुठे पत्र लिहायचं असलं तर. नवऱ्याला प्लॅनमधून काढलं आणि ती जागा शेजारच्या काकांना दिली. ते अर्थातच जर्मन घेणार आहेत. आठवड्याच्या स्पर्धेत सगळ्या भाषांचे लोक एकत्रच खेळतात, हे आईंना अजून कोणी सांगितलेलं नाही.